इंटर्नशिपचे वर्ष आणि अडलेली म्हैस

अमरावती

चि. भाचीस,

पशुवैद्यकाची साडेचार वर्षांची पुस्तके संपली, आता वर्षभर इंटर्नशिप. घरच्यांचे म्हणणे, या वर्षात लोकसेवा आयोगाची तयारी उरकून घ्यावी. त्यांचे फारसे चुकत नाही. २०२५ मध्ये आयोगाने पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या २,७९५ जागा काढल्या. पण एवढी मोठी जाहिरात काही दरवर्षी येत नाही.

पूर्वी इंटर्नशिप सहा महिन्यांची होती. भारतीय पशुवैद्यक परिषदेच्या २०१६ च्या नियमांनी सेमिस्टर गेले, वार्षिक परीक्षा आली, इंटर्नशिप वर्षाची झाली आणि पदवी साडेपाच वर्षांवर गेली. नोकरी आणखी लांबली, अशी पोरांची कुरकुर. तीही खरीच; अभ्यासक्रम बदलून सरकारी पद एकही वाढत नाही. हात मात्र बसतो.

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात पूर्णाथडी म्हशी आहेत, भुऱ्या रंगाच्या. रात्री दोनला मालकाचा फोन येतो, "डॉक्टरसाहेब, म्हैस सकायपासून कळा देऊन रायली, पन कायी दिसून नाही रायलं." हात आत घातला की मळसूत्रासारख्या घड्या लागतात. गर्भाशयाला पीळ! तो उजवा की डावा, हे बोटांनीच ठरवायचे. मग त्याच कुशीवर म्हैस पाडायची, पाय बांधायचे, पोटावर फळी ठेवून एकाला वर उभे करायचे आणि पिळाच्याच दिशेने तिला झटकन लोटायचे. उलटी लोटली तर पीळ आवळतो. रेडकू जिवंत निघाले की बातमी चार गावांत जाते, आणि पुढचा फोन थेट त्याच ढोरांच्या डॉक्टरला.

२०२२ मध्ये गुरांत लम्पी त्वचारोग आला, तेव्हा गोटपॉक्सची लस टोचायला इंटर्नशिपची मुलेही गोठ्यागोठ्यांत फिरली. अमरावतीभोवती कोंबड्यांचे फार्म आहेत. मेलेला पक्षी उघडून कारण सांगणारा त्यांना हवाच असतो. यातले काहीही अभ्यासिकेत बसून येत नाही.

तेव्हा पोरी, मिळत असेल तर थोडे दिवस अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेत काढ. रात्रपाळी टाळू नकोस. नोट्स पहाटे वाच. आणि गमबूट नवे घे. जुन्याच्या टाचेतून पाणी शिरते, हे दिवाळीत मामीने पाहिले आहे.

तुझा मामा