डायलिसिसचे पाणी आणि न दिसणारे नायट्राइट

डायलिसिसच्या चार तासांच्या एका सत्रात रुग्णाच्या रक्तालगत सुमारे १२० लिटर पाणी वाहते. निरोगी माणसाने प्यालेल्या पाण्यातील नको ती द्रव्ये मूत्रपिंड बाहेर टाकते. येथे रक्त व पाणी यांच्यामध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. म्हणून पिण्यास योग्य असलेले पाणी डायलिसिसला योग्य असतेच असे नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम नायट्रेट चालते. नायट्रोजनच्या हिशेबाने हे सुमारे १० मिलिग्रॅम होतात. डायलिसिसच्या पाण्यासाठी मात्र ही मर्यादा २ मिलिग्रॅम आहे.

सोलापूरकरांना या विषयाची निकड वेगळी सांगावयास नको. उजनी जलाशयात भीमेबरोबर मुळा-मुठा, पवना व इंद्रायणी यांचे पाणी, आणि त्यासह पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणीही येते. सांडपाण्यातील अमोनियाचे जिवाणू प्रथम नायट्राइट करतात व दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हे दुसरे जिवाणू मागे पडले, की नायट्राइट साचते. ते क्लोरीन झपाट्याने खाऊन टाकते. एक मिलिग्रॅम नायट्राइट-नायट्रोजनमागे सुमारे पाच मिलिग्रॅम क्लोरीन खर्ची पडतो. अशा वेळी पाण्यात क्लोरीन टाकला असूनही तो शिल्लक सापडत नाही.

नायट्राइट रक्तात गेले, की हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप पालटते आणि ते प्राणवायू वाहू शकत नाही. ओठ निळसर होतात, रक्त चॉकलेटी दिसते. १९४५ मध्ये अमेरिकेतील डॉ. हंटर कॉमली यांनी विहिरीच्या पाण्यामुळे तान्ह्या बाळांना झालेला हा विकार वर्णिला. १९७० मध्ये, घरी विहिरीच्या पाण्यावर डायलिसिस घेतल्यानेही तोच विकार झाल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली.

नायट्राइटला रंग, वास, चव नाही. पीटर ग्रीस यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या रासायनिक क्रियेने ते गुलाबी रंगात प्रकट होते. प्रयोगशाळेत आजही तीच कसोटी वापरतात. मात्र ती नमुना घेतल्या क्षणापुरतीच बोलते. शुद्धीकरण संयंत्रावर बसविलेला संवेदक, म्हणजे सेन्सर, अतिनील प्रकाश पाण्यातून सोडून तो किती शोषला गेला हे सतत मोजतो. नायट्रेटही जवळपास त्याच तरंगलांबीचा प्रकाश शोषते, त्यामुळे अनेक तरंगलांबींची तुलना करून दोन्ही वेगळी ओळखावी लागतात. आर.ओ. संयंत्रावरील वाहकता-मापक हे काम करीत नाही. तो एकूण क्षार सांगतो, त्यांची नावे सांगत नाही.

संवेदकाच्या काचेवर शेवाळ व गाळ चढतो, पावसाळ्यात तर लवकरच. ती नियमित पुसणारा व ग्रीसच्या कसोटीशी आकडा ताडून पाहणारा माणूस नसेल, तर असे महागडे उपकरण खोटा दिलासा देते. आमच्या मते अशा माणसाचा पगार हीदेखील यंत्राच्या देणगीइतकीच मोलाची देणगी आहे, जरी तिच्यावर नावाची पाटी लावता येत नाही.

घरच्यांसाठी एक गोष्ट. पाणी उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने त्याचे प्रमाण उलट वाढते. कूपनलिकेच्या पाण्यात बाळाचे दूध कालवण्यापूर्वी ते पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. बाळाचे ओठ वा नखे निळसर दिसल्यास त्यास विनाविलंब रुग्णालयात आणावे व कोणते पाणी दिले होते ते डॉक्टरांना सांगावे.