व्हॅक्यूम सीलर हवा धरत नाही? नवीन मशीन घ्यायच्या आधी हे तपासा

इतवारीतल्या आमच्या दुकानात घरगुती उद्योग करणाऱ्या ताई-दादांचा एक प्रश्न नेहमी येतो. "सर, मशीन खराब झाली. पाऊचमध्ये हवा राहते. दुसरी कोणती घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं असतं: आधी मशीन इथे आणा, पाऊचही आणा, आणि ज्या मालाचा त्रास होतोय तो मालही आणा. बहुतेक वेळा नवीन मशीन घ्यावी लागत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही, पैसे घालवून शिकलो. सुरुवातीच्या काळात दिवाळीला पुण्याहून जवसाच्या चटणीच्या 60 पाकिटांची ऑर्डर आली होती. रात्री बारापर्यंत पॅकिंग केलं आणि सकाळी पार्सल टाकलं. तिकडे पोहोचेपर्यंत 17 पाकिटं फुगून सैल झाली होती. 120 रुपयांप्रमाणे 2,040 रुपये परत द्यावे लागले. पण खरं नुकसान वेगळंच होतं. त्या ग्राहकाने पुन्हा कधी ऑर्डर दिली नाही.

मी तणतणत मशीन घेऊन गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो. त्याने मशीन उघडलीसुद्धा नाही. सुटलेल्या पाऊचच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. बोटाला चटणीची पूड आणि तेल. "भाऊ, मशीन चांगली आहे जी. तोंड पुसत जा ना!"

आधी एकच प्रश्न विचारा

हवा ओढलीच जात नाही, की ओढली जाते आणि नंतर परत शिरते? हे दोन वेगळे आजार आहेत, त्यामुळे इलाजही वेगळे.

ओळखायचं कसं? एक रिकामा पाऊच घ्या आणि मशीनला लावा. तो चपटा होऊन घट्ट चिकटला तर पंप आणि रबर ठीक आहे, म्हणजे दोष तुमच्या मालात किंवा भरण्याच्या पद्धतीत आहे. रिकामा पाऊचही चपटा होत नसेल तर मशीनकडे वळा.

आजार पहिला: हवा ओढलीच जात नाही

1. पाऊच कोणता आहे? घरगुती मशीन पाऊचच्या तोंडातून हवा ओढते. तिला एका बाजूने जाळीसारखी नक्षी असलेला एम्बॉस पाऊच लागतो, कारण त्या नक्षीच्या खाचांतूनच हवा बाहेर येते. साधा गुळगुळीत पाऊच लावला की दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात आणि हवा आतच अडकते. गुळगुळीत पाऊच मोठ्या चेंबर मशीनसाठी असतो. स्वस्त मिळाला म्हणून किलोभर आणून ठेवू नका.

2. तोंड बरोबर ठेवलं का? पाऊचचं तोंड हवा ओढणाऱ्या खाचेच्या आत, सरळ आणि सुरकुती न पडता बसलं पाहिजे. माल आणि सील यांच्यात किमान चार बोटं जागा सोडा.

3. रबर पाहा. झाकणाच्या आणि खालच्या बाजूच्या काळ्या किंवा पांढऱ्या रबरात (गॅस्केट) मसाल्याचा एक कण अडकला तरी हवा तिथून आत शिरते. रबर निघत असेल तर काढून साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा आणि नीट बसवा. चपटं झालं असेल किंवा चिरलं असेल तर फक्त रबर बदला.

4. झाकण दोन्ही बाजूंनी दाबलं गेलं का? एका बाजूचा "टक" आवाज आला आणि दुसऱ्या बाजूचा नाही, तर पंप नुसताच घरघरत राहतो.

आजार दुसरा: रात्री घट्ट, सकाळी सैल

इथे दोष बहुधा सीलमध्ये असतो.

तोंडाला पूड, तेल किंवा ओलावा लागला की प्लास्टिक एकमेकांत वितळून मिसळत नाही. म्हणून भरताना पाऊचचं तोंड बाहेर दुमडून घ्या, रुंद नरसाळ्याने भरा, दुमड उघडा आणि कोरड्या कापडाने आतून पुसा. तिखट, हळद, सावजी मसाला अशा पुडीत आणखी एक अडचण येते. हवेसोबत पूडही ओढली जाते. त्यासाठी मालाच्या वर स्वच्छ टिश्यू पेपरची घडी ठेवा, म्हणजे हवा जाईल आणि पूड थांबेल.

सील नीट दिसतं तरी हवा शिरते? मग पाऊचला बारीक छिद्र असू शकतं. मस्कासाथहून आणलेला खडा मसाला पॅक करताना हे फार होतं. लवंगेचं टोक, दालचिनीची कड, हवा ओढल्यावर आतून पाऊचला टोचते. असा माल आधी कागदात गुंडाळा किंवा जाड पाऊच वापरा. तपासायला थोडी हवा आत ठेवून पाऊच सील करा, पाण्याच्या बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे जिथून येतील तिथे गळती.

सील वाकडंतिकडं, जळकं किंवा भोकाचं येत असेल तर पट्टी जास्त तापली आहे. दोन पाकिटांमध्ये 20 ते 30 सेकंद थांबा आणि मधूनमधून मशीनला विश्रांती द्या. पट्टीवरची टेफ्लॉन टेप काळी पडली किंवा फाटली असेल तर मशीन थंड करून, प्लग काढून ती बदला. टेप स्वस्त असते, एक जास्तीची घरात ठेवाच. उलट सील फिकं येत असेल तर वेळ थोडा वाढवा. मिक्सर आणि सीलर एकाच लांब एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर वेगळे करा.

देखभालीची सवय

रोज काम संपल्यावर प्लग काढा, ओल्या पिळलेल्या कापडाने खाच पुसा, मग कोरड्याने. मशीनवर पाणी ओतायचं नाही. आठवड्यातून एकदा रबर आणि टेप नीट पाहा. मशीन ठेवताना झाकण लॉक करू नका. सतत दाबून राहिलं की रबर चपटं होतं.

गरम माल कधीच लावू नका, वाफ पंपात जाते. रस्सा, ग्रेव्ही आधी फ्रीजरमध्ये घट्ट गोठवा. चुकून पाणी आत ओढलं गेलंच तर लगेच बंद करा, प्लग काढा आणि झाकण उघडं ठेवून पूर्ण वाळू द्या. त्यानंतरही आवाज बदललेला वाटला तर मेकॅनिककडे न्या.

मशीन ठीक, पण माल चुकीचा

पापड, कुरडई या मशीनमध्ये चुरा होतात, त्यांना साधं सीलच बरं. आंबलेलं पीठ पाऊच फुगवतं. जवसाच्या चटणीला मात्र व्हॅक्यूम खरंच उपयोगी, कारण जवसाचं तेल हवेने लवकर खवट होतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. व्हॅक्यूम म्हणजे निर्जंतुक नव्हे. हवा नसतानाच वाढणारे काही जंतू असतात. बोट्युलिझम करणारे त्यातलेच. त्यांचं विष वास किंवा रंग न बदलताही तयार होऊ शकतं. त्यामुळे पनीर, खव्याची संत्रा बर्फी, शिजवलेली भाजी, तेलातला ओला लसूण हे व्हॅक्यूम केलं तरी फ्रीजमध्येच राहिलं पाहिजे. "व्हॅक्यूम आहे, बाहेर टिकेल" असं ग्राहकाला कधीच सांगू नका. आपल्या नागपूरच्या मे महिन्यात तर नाहीच नाही.

माझा एक रात्रीचा नियम

त्या 17 पाकिटांनंतर आमच्याकडे एक नियम झाला. पॅक केलेला माल त्याच दिवशी बाहेर जात नाही. कोरडा माल रात्रभर टेबलावर आडवा ठेवतो, थंडीतला माल फ्रीजमध्ये. सकाळी प्रत्येक पाकीट हातात घेऊन दाबतो. सैल लागलं की वेगळं काढतो, कारण शोधतो. कोरडा माल असेल तर नवीन पाऊचमध्ये भरतो. घरी सापडलेलं सैल पाकीट एका पाऊचच्या किमतीत सुटतं. तेच ग्राहकाच्या घरी सापडलं तर ग्राहक जातो.

गृहपाठ: आज दहा पाकिटं पॅक करा, प्रत्येकावर तारीख आणि वेळ लिहा, उद्या सकाळी दाबून पाहा. किती सैल झाली आणि कुठून, ते वहीत लिहा. असं सलग सात दिवस करा. नवीन मशीन घ्यायची की नाही, ते तुमची वहीच सांगेल.