बॅकअप घेतला, पण तो परत मिळतो का?

ऑफिसचा कॉम्प्युटर बिघडला तर नवा घेता येतो. कमिटी कशीबशी तेवढी तजवीज करते. पण त्याच्या पोटात जे कागद असतात ते बाजारात मिळत नाहीत. वनहक्काच्या दाव्याला जोडलेले पुरावे, पाड्यावरच्या म्हाताऱ्या माणसांचे लिहून घेतलेले जबाब, जातीच्या दाखल्यासाठी शोधून काढलेली आजोबांच्या नावची शाळेची नोंद, देणग्यांचा हिशेब. यांतले काही मूळ कागद कुडाच्या घरात पत्र्याच्या पेटीत आहेत, आणि काही आता कुठेच नाहीत, फक्त आपल्याकडचा स्कॅन उरला आहे. मंडळीच्या ऑफिसचेही तेच. बाप्तिस्म्याच्या आणि विवाहाच्या नोंदी, दशमांशाचा हिशेब हे सगळे हळूहळू कॉम्प्युटरवर आले आहे. म्हणून या अंकात बॅकअपचा विषय घेतला आहे. सॉफ्टवेअर बसवणे हा त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग त्याच्या आधी आणि नंतर येतो.

आधीचा भाग असा, की एक वही घेऊन प्रत्येक कॉम्प्युटरपुढे बसावे आणि कोणते काम कुठे साठते ते लिहून काढावे. सगळे ‘डॉक्युमेंट्स’मध्येच असेल असे समजू नये. विंडोजमध्ये ‘फाइल हिस्टरी’ नावाची सोय आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडून ती एकदा चालू केली, की दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत ती घेते. पण मुळात ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांकडेच पाहते. टॅलीचा डेटा बहुधा त्या फोल्डरांत नसतो. त्यामुळे बॅकअप महिनोन्‌महिने नीट चालू राहतो आणि हिशेब मात्र त्यात नसतो! टॅली प्राइममध्ये ‘ऑल्ट’ आणि ‘वाय’ दाबून ‘बॅकअप’ निवडले की टॅली स्वतःची प्रत काढते. ती रोज संध्याकाळी अशा फोल्डरमध्ये काढावी, की जिथून पुढे बॅकअप सॉफ्टवेअर ती उचलेल. न्यासांचे हिशेब ही काही वर्षा-दोन वर्षांची जबाबदारी नव्हे. २०२२ साली आलेल्या आयकर नियम १७एएने न्यासाची हिशेबाची पुस्तके संबंधित कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून दहा वर्षे जपणे बंधनकारक केले. एखादी हार्ड डिस्क तेवढी टिकेलच असे कोणी सांगू शकत नाही.

दुसरी विसरली जाणारी गोष्ट फॉन्टची. जुनी पत्रके आणि अहवाल आपल्यापैकी अनेकांनी श्रीलिपीत टाइप केले, पेजमेकरवर लावले. त्या फायली नव्या कॉम्प्युटरवर उघडल्या आणि तो फॉन्ट तिथे नसला, तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल शाबूत असते, वाचता मात्र येत नाही. म्हणून फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर बसवण्याची सीडीसुद्धा बॅकअपच्या यादीत हवी, आणि महत्त्वाच्या जुन्या अहवालांची पीडीएफ आताच काढून ठेवावी.

आता सॉफ्टवेअर. लहान ऑफिसला विकत घ्यायची गरज नाही असे माझे मत आहे. डुप्लिकाटी विनामूल्य मिळते. ते पहिल्यांदा सगळ्याची प्रत घेते आणि पुढे जेवढे बदलले तेवढेच. पासवर्ड दिला की प्रत कुलूपबंद करून ठेवते, त्यामुळे हार्ड डिस्क बसमध्ये राहिली तरी कोणाच्या आधार कार्डाचा स्कॅन परक्याच्या हाती लागत नाही. वीम एजंटची विनामूल्य आवृत्ती विंडोजसकट अख्ख्या कॉम्प्युटरची प्रत घेते. डिस्क जळाली तर नव्या डिस्कवर सगळे जसेच्या तसे परत आणता येते. त्यासाठी लागणारा पेनड्राइव्ह मात्र आधी बनवून ठेवावा लागतो, कॉम्प्युटर बंद पडल्यावर नव्हे. दोन्ही वापरले तरी हरकत नाही.

बसवताना दोन ठिकाणी लक्ष द्यावे. पहिले म्हणजे वेळ. अनेक जण रात्रीची वेळ निवडतात. मोठ्या शहरातल्या कंपन्यांना ते ठीक. आपल्याकडे संध्याकाळी सहाला मेन स्विच बंद होतो. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कॉम्प्युटर चालू असताना बॅकअप लावावा, आणि वीज गेल्यामुळे हुकलेला बॅकअप पुन्हा सुरू झाला का ते पाहावे. दुसरे म्हणजे किती जुन्या प्रती ठेवायच्या. फक्त कालची प्रत ठेवली तर काम भागत नाही, कारण फाइल बिघडल्याचे कळते ते बहुधा ऑडिटच्या वेळी, म्हणजे काही महिन्यांनी. डुप्लिकाटीत ‘स्मार्ट’ नावाचा पर्याय आहे. त्यात शेवटच्या सात दिवसांची रोज एक, चार आठवड्यांची आठवड्याला एक आणि बारा महिन्यांची महिन्याला एक अशी प्रत राहते. आपल्याला तो पुरेसा आहे.

‘आमचे सगळे गूगल ड्राइव्हवर आहे’ असे पुष्कळदा ऐकू येते. ड्राइव्ह कामाचे आहे, पण जे फोल्डर कॉम्प्युटरशी जुळवून ठेवले आहे ते आरशासारखे असते. इकडे फाइल पुसली की तिकडेही पुसली जाते, आणि तिथल्या कचरापेटीतून ती तीस दिवसांनी कायमची जाते. शिवाय विनामूल्य जागा पंधरा जीबी, तीही ई-मेल आणि फोटो धरून. इंटरनेटवर बॅकअप पाठवायचा असेल तर हिशेब करून पाहावा: चाळीस जीबीचे स्कॅन दोन एमबीपीएसच्या वेगाने पाठवायला सुमारे ४५ तास लागतात. म्हणून अगदी मोलाचे तेवढेच आधी पाठवावे, एकेक फोल्डर करून.

जाणकार लोक ३-२-१ चा नियम सांगतात. पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने तो लोकांपुढे आणला. प्रती तीन, साठवण दोन प्रकारची, आणि त्यांतली एक प्रत दुसऱ्या जागी. आपल्याकडे बहुतेक वेळा चुकते ते शेवटचे. हार्ड डिस्क कॉम्प्युटरलाच कायम जोडलेली असते. चोर आला तर तो दोन्ही नेतो. खंडणी मागणारा व्हायरस शिरला तर जोडलेल्या डिस्कवरच्या फायलीही तो बंद करून टाकतो.

जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसने मर्स्क या जगातल्या मोठ्या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर जगभर बंद पाडले. कोण कर्मचारी, कोणाला कुठे प्रवेश, ही यादी सांभाळणारे तिचे सर्व्हर एकमेकांची प्रत ठेवत असत, आणि म्हणूनच सगळे एकदम गेले. एक तेवढा वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ल्याच्या वेळी तिथे वीज गेली होती, त्यामुळे तो जाळ्यापासून तुटलेला होता. ती डिस्क माणसांनी हातोहात नायजेरियामार्गे इंग्लंडला पोहोचवली आणि त्यावरून कंपनी पुन्हा उभी राहिली. लोडशेडिंगला एरवी आपण किती बोल लावतो! पण घानात जे अपघाताने झाले ते आपल्याला ठरवून करायचे आहे. दोन डिस्क घ्याव्यात. एक ऑफिसात, दुसरी खजिनदारांच्या घरी, शक्यतो दुसऱ्या गावात, आणि दर शुक्रवारी अदलाबदल. पावसाळ्यात डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावी. यिर्मयाने अनाथोथचे शेत घेतले तेव्हा खरेदीखताच्या मोहोरबंद आणि उघड्या अशा दोन्ही प्रती त्याने बारूखाकडून मातीच्या पात्रात ठेवून घेतल्या, हे आपल्या वाचकांना आठवेल.

आता नंतरचा भाग, आणि माझ्या मते हाच सर्वांत महत्त्वाचा. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत, जिथे जगभरचे प्रोग्रॅमर आपले काम ठेवतात, एका कर्मचाऱ्याने चुकून चालू सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या. बघायला गेल्यावर रोजचा बॅकअप रिकामा निघाला. तो होत नाही हे सांगणाऱ्या ई-मेलसुद्धा निघत होत्या, पण त्या वाटेतच नाकारल्या जात होत्या, कोणापर्यंत पोहोचत नव्हत्या. सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी कोणीतरी हाताने एक प्रत काढली होती, तिच्यावर भागले. ही तंत्रज्ञांची कंपनी होती. हिरवी खूण दिसते म्हणून निर्धास्त राहणे आपल्याला कसे परवडेल?

तेव्हा दर तीन महिन्यांनी, हा अंक हाती येईल त्या आठवड्यात म्हणा, तीन फायली बॅकअपमधून परत काढून पाहाव्यात: टॅलीचा हिशेब, एक स्कॅन आणि एक जुने मराठी पत्र. त्या मूळ जागी परत आणू नयेत, नाहीतर आजचा हिशेब पुसून तीन महिन्यांपूर्वीचा येऊन बसेल. वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्य तर वेगळ्या कॉम्प्युटरवर काढाव्यात. फाइल उघडून आतला आकडा वाचावा, नुसते नाव पाहून थांबू नये. मग वहीत तारीख, फाइल आणि पाहणाऱ्याची सही. हे काम रोज बॅकअप सांभाळणाऱ्या व्यक्तीने न करता दुसऱ्याने करावे. त्यात अविश्वास काही नाही. ती व्यक्ती रजेवर असताना काम अडू नये एवढाच हेतू.

पासवर्डचेही असेच. डुप्लिकाटीचा पासवर्ड हरवला तर ती प्रत कोणालाच उघडता येत नाही, सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनाही नाही. तो एका माणसाच्या डोक्यात राहू नये. कागदावर लिहून, पाकीट बंद करून, वर सही करून खजिनदारांच्या कपाटात ठेवावा, पण डिस्कच्या डब्यात नव्हे. कर्मचारी बदलला की पासवर्ड बदलावा आणि नवे पाकीट ठेवावे. मात्र जुन्या डिस्कवरच्या प्रती जुन्याच पासवर्डने उघडतात, म्हणून ते पाकीट फाडू नये, त्यावर तारीख घालून नव्याच्या मागे लावून ठेवावे.