शंभर टक्के निकाल कसा वाचावा?

प्रश्न : मुलीला नववीसाठी एका छोट्या पर्यायी शाळेत घालायचा विचार आहे. मुले मुक्त विद्यालयातून दहावी देतात. शाळा निकाल शंभर टक्के सांगते. विश्वास ठेवावा का?
– एक पालक, केशवापूर, हुबळी

उत्तर : आकडा खरा असेल, पण अपुरा आहे. निकाल परीक्षेला बसलेल्यांचा असतो, प्रवेश घेतलेल्यांचा नव्हे. समजा, आठवीत १५ मुले होती, परीक्षेला ९ बसली आणि सगळी पास झाली. निकाल १०० टक्के, पण पोहोचली ६० टक्केच. उरलेली सहा कुठे गेली, हे जरूर विचारा. काहींनी दाखला घेऊन शाळा बदलली असेल, काहींचे शिक्षणच सुटले असेल. दोन्हींत फार फरक आहे.

दहा मुलांच्या वर्गात एक नापास झाले, तरी निकाल दहा टक्क्यांनी घसरतो. म्हणून एका वर्षावर जाऊ नका, पाच वर्षांची एकत्र बेरीज मागा.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत नोंदणी पाच वर्षे टिकते, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि विषय सुटे सुटे देता येतात. त्यामुळे एखाद्याला दहावीला दोन वर्षे लागली, तर ते अपयश समजू नका.

संख्या देणारी आणि गळालेल्या मुलांबद्दल मोकळेपणाने बोलणारी शाळा निवडा. नुसती टक्केवारी पुढे करणाऱ्या शाळेत घाईने प्रवेश घेऊ नका.