ताऱ्यांचे मोजमाप



अकोले तालुक्यातील आमच्या वसतिगृहात मी मुलांना विज्ञान शिकवतो. बहुतेक मुले महादेव कोळी आणि ठाकर घरांतली आहेत. त्यांच्या वाड्यांवर रात्री चांगला अंधार असतो, म्हणून आकाश त्यांच्या ओळखीचे. सातवीतल्या एका मुलीने विचारले, "गुरुजी, तिथं कुणी गेलंच नाही, तर तारा किती तापलाय हे कसं कळतं?" या अंकातील पाठ तिच्या प्रश्नावर आहे.

ताऱ्याकडून आपल्याकडे येतो तो फक्त त्याचा प्रकाश. जे कळते ते त्यातूनच.

अंतर : अंगठा डोळ्यांसमोर धरून आधी एका, मग दुसऱ्या डोळ्याने पाहा. अंगठा सरकल्यासारखा दिसतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना सहा महिन्यांनी पलीकडच्या बाजूला जाते, तेव्हा जवळचा ताराही असाच किंचित सरकलेला दिसतो. त्यावरून अंतर काढतात. १८३८ साली बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हे प्रथम साधले.

खरे तेज : दिवा दुप्पट लांब नेला की त्याचा उजेड चौथा हिस्सा उरतो. म्हणून अंतर कळल्यावरच ताऱ्याचे खरे तेज कळते. व्याध आपल्याला सर्वांत तेजस्वी दिसतो, कारण तो जवळ, म्हणजे ८.६ प्रकाशवर्षांवर आहे. मृगातला राजन्य सुमारे ८६० प्रकाशवर्षांवर असूनही ठळक दिसतो. तो मुळातच कितीतरी प्रखर आहे.

तापमान : लोहाराच्या भट्टीत कोयता आधी लाल होतो, मग पिवळा, मग पांढरा. ताऱ्यांचेही तसेच. मृगातला तांबूस काक्षी सुमारे ३,३०० अंश सेल्सिअस, आपला सूर्य ५,५००, तर निळसर राजन्य सुमारे १२,००० अंश.

वर्ग : ताऱ्याचा प्रकाश इंद्रधनुष्यासारखा पसरवला की त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा अंगठ्याच्या ठशासारख्या वेगळ्या. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत अ‍ॅनी जंप कॅनन या बाईंनी अशा रेषा पाहून सव्वादोन लाख ताऱ्यांचे वर्ग लावले. त्यांना ऐकू फार कमी येत असे. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम हा त्यांचा क्रम आजही चालतो. ओ सर्वांत तप्त, एम सर्वांत थंड. सूर्य जी वर्गात येतो.

पण रेषा ताऱ्यागणिक बदलतात का? याचे उत्तर १९२० साली मेघनाद साहांनी गणिताने दिले. उष्णतेने अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात आणि रेषा बदलतात. म्हणजे हा फरक मुख्यतः तापमानाचा, द्रव्याचा नव्हे.

हे साहा ढाक्याजवळच्या खेड्यातले, किराणा दुकानदाराचे पुत्र. पुढची शाळा गावापासून दूर होती आणि घरी पैसा नव्हता. अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी राहायला जागा आणि जेवण दिले, म्हणून शिक्षण चालू राहिले. आमच्या भागातही शाळा लांब असली की शिक्षण तिथेच थांबते, मुलींचे तर आधी. वसतिगृहातली एक खाट आणि दोन वेळचे जेवण म्हणजे काय, हे आपण देणाऱ्यांनी यावरून ओळखावे.

ताऱ्यांचा प्रकाश असा उलगडून पाहण्याचे काम आपल्या शेजारीही चालते. पुणे जिल्ह्यात गिरवली येथे आयुका संस्थेची दोन मीटर व्यासाची दुर्बीण २००६ पासून आहे. ही मुले तिथे काम करू शकतील, असे मी वर्गात सांगतो, आणि ते मनापासून सांगतो.

घरी करून पाहा :
१. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र पाहा. काक्षी आणि राजन्य यांचे रंग वहीत लिहा.
२. मधल्या तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवून व्याध शोधा.
३. तिघांना तप्त ते थंड अशा क्रमाने लावा. (उत्तर : राजन्य, व्याध, काक्षी.)