लसीकरण आणि औषधनिर्माता

लसीकरणाचा विषय निघाला की डॉक्टर, परिचारिका आणि घरोघरी फिरणारी आशा कार्यकर्ती आपल्या डोळ्यांसमोर येतात. औषधांच्या खिडकीमागे बसलेला औषधनिर्माता सहसा कोणास आठवत नाही. वस्तुतः बालकास टोचलेली लस गुणकारी आहे की नाही, हे बऱ्याच अंशी त्याच्या दक्षतेवर अवलंबून असते. म्हणून या अहवालात हा काहीसा दुर्लक्षित विषय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

भारतात सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम १९८५ साली सुरू झाला. आरोग्य केंद्रात लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. भंडारा जिल्ह्यातील उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्यामुळे उष्णतेची धास्ती सर्वांनाच असते. गोठण्याचा धोका मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. पेंटाव्हॅलंट, डीपीटी, हिपॅटायटिस-बी यांसारख्या लसी एकदा गोठल्या की निकामी होतात. कुपीवरील रंग बदलणारी चौकट उष्णतेचा परिणाम दाखविते, गोठण्याचा नाही. अशी लस टोचली तर नोंदवहीत बालकाची नोंद होते, टक्केवारी वाढते. परंतु संरक्षण मिळत नाही. शीतपेटीचे तापमान दिवसातून दोनदा पाहून नोंदविणे हे काम रूक्ष वाटले, तरी त्याचे मोल यावरून कळावे.

दुसरी जबाबदारी साठ्याची. रोवणीच्या दिवसांत एक दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या मातेला ‘आज लस नाही’ असे सांगून परत पाठविले, तर ती पुन्हा येईलच असे नाही. गोवर-रुबेलाची कुपी एकापेक्षा अधिक बालकांसाठी असते आणि द्रावक मिसळल्यानंतर ४ तासांत वापरावी लागते. उरलेली मात्रा वाया जाईल या भीतीने ती उघडण्याचे टाळले जाते. आमच्या मते वाया गेलेल्या चार मात्रांपेक्षा लसीवाचून परतलेले एक बालक अधिक महाग पडते. साठ्याचा अंदाज अचूक असेल, तर परिचारिकेला कुपी उघडताना संकोच वाटत नाही.

तिसरी गोष्ट विश्वासाची. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात १२ बालकांना पोलिओ लसीऐवजी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. सुदैवाने बालके बचावली. परंतु अशा एका चुकीने अनेक गावांचा विश्वास डळमळू शकतो. प्रत्येक कुपीचे नाव, मुदत व द्रावक देताना आणि घेताना वाचून पाहणे, हाच यावरील साधा उपाय होय.

पोर्तुगालमध्ये औषधनिर्माते स्वतः लस टोचतात. अमेरिकेतील सर्व राज्यांनी २००९ पर्यंत त्यांना तशी मुभा दिली. आपल्याकडे टोचण्याचे काम प्रामुख्याने परिचारिकांकडे आहे. तथापि २०१५ च्या औषध व्यवसाय विनियमांनी रुग्णास समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य मानले आहे, आणि त्यास येथे पुष्कळ वाव आहे. पेंटाव्हॅलंटनंतर ताप आला म्हणून पिता औषध घेण्यास येतो. ‘हा ताप बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो, न उतरल्यास डॉक्टरांना दाखवा; पुढची मात्रा मात्र चुकवू नका’ एवढे दोन शब्द त्या क्षणी सांगितले गेले, तर ६, १० व १४ आठवड्यांच्या मात्रांची साखळी तुटत नाही. ‘इंजेक्शनने लेकरू आजारी पडले’ हा समज तेथेच थांबतो.

आमची वाचकांना व हितचिंतकांना नम्र विनंती आहे की, औषध घेण्यास येताना बालकाचे लसीकरण कार्ड सोबत आणावे आणि शंका असल्यास खिडकीवर निःसंकोच विचारावी. लस देणारा हात दिसतो. ती जपणारा हात दिसत नाही. दोन्ही हात सारखेच मोलाचे आहेत, असे आम्ही मानतो.