मेदोधातूतील निवासी रक्षकपेशी : प्रयोगशाळेतील संवर्धन

चरकाचार्यांनी विमानस्थानात मेदोवह स्रोतसांचे मूळ वृक्क व वपावहन असे सांगितले आहे. वपावहन म्हणजे आतड्यांवर पसरलेला मेदयुक्त पडदा, असा अर्थ अनेक आधुनिक अभ्यासक लावतात. शल्यचिकित्सक त्याच पडद्याला ‘पोटातील पोलीस’ म्हणतात. जेथे शोथ किंवा छिद्र असेल तेथे तो जाऊन चिकटतो. मेद हा निव्वळ साठा नसून त्यात रक्षकपेशींची वस्ती असते.

या पेशी मिळविण्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेला मेद बारीक चिरून कोलॅजिनेज या विकराने ३७ अंश सेल्सिअसला विघटित करतात. सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरविल्यावर मेदपेशी सायीसारख्या वर तरंगतात. रक्तवाहिन्यांच्या, संयोजी ऊतीच्या व रक्षक पेशी तळाशी बसतात. त्यांतून मॅक्रोफेज म्हणजे महाभक्षी पेशी पृष्ठभागावरील खुणांवरून निवडतात आणि एम-सीएसएफ हा वाढघटक देऊन जगवितात.

मात्र शेजारच्या पेशींपासून तुटताच या पेशींचा स्वभाव पालटू लागतो. देशभेदाने द्रव्याचे गुण बदलतात हे मानणाऱ्या वैद्यास याचे नवल वाटू नये.

या पेशींचे महत्त्व २००३ मध्ये अमेरिकेतील दोन शोधनिबंधांनी पुढे आले. कृश प्राण्यांच्या मेदात महाभक्षींचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी, तर स्थूल माणसांत ते चाळीस टक्क्यांच्या आसपास आढळले. मृत मेदपेशींभोवती त्या कडे करतात. त्यांच्या स्रावांचा इन्सुलिनच्या कार्यातील अडथळ्याशी संबंध आहे.

त्याच वर्षी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुणे परिसरातील खेड्यांतील नवजातांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्पटनच्या बाळांशी केली. येथील सरासरी वजन २.७ किलो, तेथील ३.५, तरी पाठीवरील त्वचेखालचा मेद येथील बाळांत तुलनेने टिकून होता. अहिल्यानगर जिल्ह्यातील चिकित्सालयांत हातापायांनी कृश पण पोट सुटलेला प्रमेही आपण पाहतो. केवळ वजन पाहून त्याची मेदोदुष्टी नाकारणे धोक्याचे आहे. कमरेचा घेर मोजलाच पाहिजे.

अमुक क्वाथाने मेदातील शोथ शमतो, असे पेशीप्रयोगांवरून सांगणारी माहितीपत्रके वाचताना थोडे थांबावे. मेद त्वचेखालचा होता की वपेचा, माणसाचा की उंदराचा, पेशी बशीत किती दिवस होत्या, हे पाहावे. क्वाथ थेट पेशींवर टाकला असल्यास तो जाठराग्नीतून गेलेलाच नाही, हे तर प्रथम पाहावे.